जपानी करकोचा आणि अर्धी मिशी

पौडचा आमचा न्हावी गिऱ्हाइकासमोर जपानी काचेची फुलदाणी ठेवायचा. जुन्या जपानी चित्रांतला असतो तसा सोनेरी करकोचा तिच्या काचेतच उभा होता. "हलू नगा, उडंल त्यो," म्हणून तो म्हाताऱ्यांनाही दटावायचा.

मी तेव्हा सरपंच. दाढी करून घेताना म्हणालो, "ही उद्या माझ्या घरी पोचव."

त्यानं माझी अर्धी मिशी उतरवली आणि वस्तरा खाली ठेवला.

"न्हाई पोचवली तर?"

"दुकान उठवीन."

"उठवा की. पर बाजारातनं असंच जावं लागंल, सरपंच."

बाहेर आठवडी बाजार भरला होता. "ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच," मी म्हणालो. मग त्यानं उरलेली मिशी काढली.

गरिबाची आवडती वस्तू म्हणून मी ती सोडली, असं मी गावभर सांगितलं. माझ्या मोठेपणाचं कौतुक सगळ्यांत मोठ्यानं तोच करायचा.