मनूआत्याचं झाकण

सकाळी लाईट गेलती म्हणून मनूआत्यानं कट्ट्यावर काचेतली मेणबत्ती लावलीती. कारखान्यातलीच, तिनं स्वतःच्या हातानं ओतलेली. लाईट आली तशी सौम्याची पोरगी आरोही पळत आली आणि वाढदिवसाच्या केकवर मारत्यात तशी फू मारली.

"आगं ए भवाने! तोंडानं फुकत्यात व्हय दिवा?" आत्या वरडली.

ज्योत गेली. वातीच्या टोकाला लाल ठिपका तेवढा राहिला. आत्या झाकण घ्यायला हात पुढं करती न करती तवर भप्प झालं आणि ज्योत आपली आपण परत लागली.

आरोहीनं टाळ्या पिटल्या. "आजी, परत आली! जादू!"

सौम्यापण हसली. पण आत्याकडं बघितलं तर तिचा चेहरा पार उतरलेला.

"ह्याच मालाचा टेम्पो निघाला असंल गं निपाणीला," आत्या म्हणली. "सौम्या, फोन घे आणि चल. आत्ताच्या आत्ता."

हिंडलग्यासनं शहापूरला कारखान्यात जाईपर्यंत आत्या नुसती छातीवर मूठ फिरवत हुती. सौम्यानं विचारलं तर म्हणली, पित्त झालंय. सौम्या कारखान्याच्या मालकाला, राघवेंद्रअण्णाला, फोन लावत हुती. रिंग जायाची, उचलायचा न्हाय.

सौम्याला ही बाई आईच्या जागी. नवरा, रवळूमामा, गेल्यावर आत्या भावाकडं आली ती हितंच राहिली. सौम्याचं शाळेचं, लग्नाचं, बाळंतपणाचं सगळं तिनंच केलं, मेण ओतून. घरात आली की आधी मेणाचा वास यायचा, मग आत्या दिसायची. आणि उभ्या जन्मात तिनं दिव्यावर फुंकर मारली न्हाय. दिवा विझला असं सुद्धा म्हणायची न्हाय. "शांत झाला" म्हणायची. पितळंचं झाकण हुतं तिचं, एक घरात, एक कारखान्यात, ते अलगद ठेवायची ज्योतीवर.

कारखान्यात हे ऐकून राघवेंद्रअण्णा वैतागला. "आत्या, मशीननं पास केलाय की माल! सगळं हिरवं आलंय, बघा."

ते मशीन औंदाच आलतं. मेणबत्त्या ओळीनं मांडायच्या, मशीन आपलं आपण जाळून बघणार. ज्योत केवढी झाली, काच किती तापली, सगळं कॅमेऱ्यानं टिपणार. शेवटी पंख्यानं फुंकर मारून ज्योत घालवणार आणि वात परत पेट घेती का ते बघत बसणार. परत पेटली तर माल नापास. कारण माणूस फुंकून झोपी जातंय, आणि मागं घरात जाळ लागतोय.

"मशीन खरंच बोलतंय, अण्णा," आत्या म्हणली. "मीच त्याला खोटं दाखवलंय."

"म्हंजे?"

"फुंकरीचा खटका मी बंद ठेवायची. हातानं झाकण ठेवायची. झाकणाखाली ठिणगीपण मरती. मशीनला काय दिसणार?"

कोपऱ्यात खोकी बांधणारी रुक्माबाई चेष्टा करायला लई पटाईत. मशीनला सासू मिळाली म्हणून तीच आत्याला चिडवायची. त्या दिवशी ती खोकं सोडून आत्याजवळ येऊन उभी राहिली.

"देवाचं करायचं तर घरात करा की वो!" राघवेंद्रअण्णा वरडला. पण वरडता वरडताच टेम्पोवाल्या आदर्शला फोन लावला. लागंना. परत लावला. परत. मग लागला. "एल्ली अदी?" अण्णानं कन्नडातनं विचारलं, कुठं हायस म्हणून. आदर्श संकेश्वरात चहाला थांबलेला.

"थांब तिथंच. हलू नको."

तिकडनं आदर्श म्हणतोय, निपाणीचा दुकानदार सारखा फोन करतोय, गिऱ्हाइकं येऊन बसल्यात. अण्णा घुटमळला. एक मेणबत्ती परत लागली म्हणून सगळा माल मागं आणायचा?

"लावा हितं," आत्या म्हणली. "माझ्या समोर लावा."

त्याच मालातल्या तीन मेणबत्त्या मशीनवर लावल्या. मेण वितळून तळं हुईपर्यंत थांबायलाच लागतंय. आत्या स्टुलावर बसली. घाम गळत हुता.

"आत्या, डॉक्टरकडं जाऊया," सौम्या म्हणली.

"हे बघून जाऊ. त्या खोक्यांवर माझा हात फिरलाय गं. कुणाच्या तरी घरात लेकरू असंल."

वेळ झाली. खटका आत्यानंच दाबायचा म्हणली. आधी ज्योतींना हात जोडले. "चुकलं माकलं पोटात घाल, बाई." मग दाबला.

पंखा फुरफुरला. पहिली गेली, ठिपका काळा पडला. दुसरीपण तशीच. राघवेंद्रअण्णानं श्वास सोडला. तिसरीचा ठिपका लाल राहिला, धूर वर चढला... आणि भप्प.

मशीन किंचाळलं. पडदा लालभडक.

"आदर्श, फिर मागं," अण्णा फोनात म्हणला. "एकपण खोकं उतरवू नको."

"येतोय न्हवं मागं?" आत्यानं विचारलं.

"येतोय, आत्या."

"बरं झालं." तिनं डोस्कं भिंतीला टेकलं. सौम्यानं हाक मारली तवा ओ दिली न्हाय. दवाखान्यात पोचायच्या आधीच आत्या शांत झाली.

दिवसकार्य उरकल्यावर सौम्या आत्याचा डबा आणि चपला न्यायला कारखान्यात गेली. मशीनवर आता रुक्माबाई बसतीया. दुसरी वात मागवून नवा माल ओतलेला, त्याचीच टेस्ट चाललीती. सौम्याला बघून रुक्माबाईनं पदर डोळ्याला लावला, पण जागची उठली न्हाय. वेळ झालती.

तिनं ज्योतींना हात जोडले. "चुकलं माकलं पोटात घाल, बाई." आणि खटका दाबला.

दोघी बघत राहिल्या. एक ठिपका काळा पडला. दुसरा. तिसरा लई वेळ लाल राहिला. सौम्या डबा घेऊन पुढं वाकली. मग त्योपण काळा पडला. धूर वर गेला आणि विरला. पडदा हिरवा झाला.

रुक्माबाईनं खिळ्याला अडकवलेलं आत्याचं पितळी झाकण काढलं, पदरानं पुसलं आणि सौम्याच्या पिशवीत घातलं.

"हे घरी ने," ती म्हणली. "हितं नको."