जवळजवळ शून्य

बोलताना सर उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांजवळ आणत, पण टेकवत नसत. मध्ये केसाएवढी फट राहायची. "शून्य म्हणू नका," ते म्हणत, "जवळजवळ शून्य म्हणा." पाऊस पडेल का, बस चुकेल का, दूध नासलं असेल का, कुठल्याही प्रश्नाचं उत्तर त्या फटीतूनच यायचं.

कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून ते निवृत्त झाले होते. शिवाजी पेठेतल्या ज्या वाचनालयात मी ग्रंथपाल आहे, तिथं रोज सकाळी वर्तमानपत्रं वाचायला येत. "काय ग्रंथपाल, जग कसं आहे?" असं विचारत आणि उत्तराची वाट न पाहता चष्मा पुसायला घेत. असं एखादं माणूस तुमच्याही गल्लीत असेल. लोक त्याला हसतात आणि अडचण आली की त्याच्याच दारात जातात.

युरोपात जमिनीखाली बांधलेलं ते प्रचंड यंत्र पहिल्यांदा सुरू व्हायचं होतं, तेव्हाची गोष्ट. अणूहूनही लहान कण अफाट वेगानं एकमेकांवर आदळवायचे आणि विश्व कसं घडलं याचा काही माग लागतो का ते पाहायचं, असा तो प्रयोग. आपल्या वाहिन्यांनी त्यातून कृष्णविवर बाहेर काढलं. पृथ्वी गिळली जाणार, अशी पट्टी टीव्हीवर दिवसभर फिरू लागली. गणपतीचे दिवस होते. शेजारच्या तालमीचे अध्यक्ष सरांना शोधत वाचनालयात आले.

"सर, मिरवणुकीचा ट्रॅक्टर ठरवलाय आमी. आन् ही टीव्हीवाली म्हणत्यात, जगच ऱ्हाणार न्हाय. बायका भ्याल्यात. तुमी आमच्या फळ्यावर दोन वळी लिवा. तुमच्या शब्दाला वजन हाय."

तालमीचा फळा चौकात असतो. मयत, सभा, पाणी कधी येणार नाही, सगळं पेठेला तिथंच कळतं. सरांनी खडू घेतला आणि वळणदार अक्षरात लिहिलं, 'या प्रयोगामुळे पृथ्वीला धोका असल्याचा कोणताही पुरावा नाही.'

दुपारपर्यंत पेठ दुप्पट घाबरली.

"पुरावा न्हाय म्हंजे धोका हाय, पण अजून घावला न्हाय, असंच की!" चौकातला चपलांचा दुकानदार मोठ्यानं सांगत होता. अध्यक्षांनी सरांना हात जोडले. "सर, नुस्तं 'धोका न्हाय' लिवा की. काय जातंय तुमचं?"

"तेच तर जातं," सर म्हणाले.

संध्याकाळी वाचनालयातच सभा भरली. सर समजावत होते की, याहून जोरकस कण आकाशातून कायम येऊन आदळत असतात, पृथ्वीवर आणि चंद्रावरही, आणि चंद्र अजून जागेवर आहे. चपलांचा दुकानदार उठला. "यंत्र तुमच्या लोकांचं, तपासणारीबी तुमचीच माणसं. मग आमी इश्वास का ठिवायचा?"

सरांचा चेहरा खुलला. "हा खरा प्रश्न आहे," ते म्हणाले, आणि त्या एका प्रश्नावर बराच वेळ बोलले. कोण काय तपासतं, ते दुसऱ्या कुणाला खोडता येतं का, आकडे सगळ्यांसमोर ठेवलेले असतात का. शेवटी मागे बसलेली एक बाई वैतागून म्हणाली, "ते ऱ्हाऊ द्या. उद्या पोरास्नी शाळंत धाडू का नको?"

"पाठवा."

"मग हेच आदी सांगायचं की!"

ठरल्या दिवशी काही झालं नाही. अध्यक्ष पेढे घेऊन आले. सर म्हणाले, "आज नुसते कण फिरवून पाहिलेत. टकरा अजून व्हायच्या आहेत." अध्यक्षांचा हात हवेतच थांबला. "सर, तुमी आदी पेढा खावा."

काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, हे ऐकून खूप हसल्या. "यांचं असंच गं," त्या मला म्हणाल्या. "लग्नाआधी यांना विचारलं, मुलगी पसंत हाय का? तर म्हणाले, नापसंतीचं कारण दिसत नाही."

पुढं काही वर्षांनी काकूंच्या हृदयाची झडप बिघडली. ऑपरेशनच्या सकाळी मी त्यांच्याजवळ होते. डॉक्टरांनी सगळं नीट सांगितलं, धोका थोडा आहे पण आहे, म्हणाले. सरांनी नेहमीसारखे बारीक प्रश्न विचारले. डॉक्टर गेल्यावर काकूंनी त्यांना जवळ बोलावलं.

"सगळं ऐकलं मी. आता तुम्ही सांगा. मला काही होणार नाही, एवढंच म्हणा."

सरांची दोन बोटं सवयीनं जवळ आली, मग त्यांनी मूठ मिटली आणि त्याच हातानं काकूंचा हात धरला.

"तुला काही होणार नाही."

"शून्य?"

"शून्य," सर म्हणाले.

स्ट्रेचर निघाला. नर्सनं सरांना दाराबाहेरच थांबवलं. काकूंच्या बांगड्या काढून घ्यायला मी चार पावलं आत गेले. काकू माझ्या कानाशी म्हणाल्या, "बघितलंस गं? माझ्यासाठी खोटं बोलले की!" आणि हसल्या. लाडू चोरून खाल्ल्यासारखं हसल्या.

त्या परत आल्या नाहीत.

त्यानंतर सरांनी लोकांना काही समजावून सांगणं सोडलं. ते यंत्र दुरुस्तीनंतर पुन्हा सुरू झालं तेव्हा मोबाइलवर पुन्हा तसलेच व्हिडिओ फिरू लागले. अध्यक्ष, आता काठी टेकत, वाचनालयात आले. "सर, दोन शब्द सांगा पोरास्नी."

"माझ्या शब्दावर जाऊ नका," सर म्हणाले. "मी एकदा शून्य म्हटलंय."

अध्यक्षांना काही कळलं नाही. मला कळलं. दाराआडचं ते बोलणं सरांपर्यंत पोचलंच नव्हतं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. त्याच दुपारी मी त्यांच्या घरी गेले आणि काकूंचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

सरांनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. "खोटं म्हणाली? तिला कळलं होतं?"

"कळलं होतं."

"आणि हसली?"

"हसल्या, सर."

ते उठून आत गेले. आतून नळ सुरू झाल्याचा आवाज आला आणि बराच वेळ येत राहिला.

मग दर रविवारी दुपारी मी जाऊ लागले. सर चहा करत. साखर हमखास जास्त पडायची. कप अर्धा झाला की विचारत, "काय म्हणाली होती ती?" मी सांगायची. कधी विचारत, "तू किती जवळ होतीस?" मी म्हणायची, "कानाशी." मग ते मान हलवत आणि खिडकीबाहेर पाहत राहत. शेवटच्या आजारात बोलणं कठीण झालं होतं, तेव्हा ते नुसते माझ्याकडे पाहायचे आणि मी सांगायला सुरुवात करायची.

यंदा आषाढात सर गेले. रविवारी दुपारी मी अजून चपला पायात घालते, जिना उतरून चौकापर्यंत येते. काकू आत जाताना हसल्या होत्या, हे ऐकायला तिथून पुढं आता कुणी नाही.