आपल्यात असं नसतं

किस्से कुणी जमवत नाही, ते साचतात. भोपाळात शाहपुऱ्याच्या तळ्याकाठी आमचा एक बाक आहे. झाडूवाली रोज त्याखालचा पाला काढते आणि दुसऱ्या दिवशी तेवढाच पाला परत पडलेला असतो, तसं. बाकावर आम्ही तिघं बसतो. नेगी हिमाचलातल्या किन्नौरचा, मार्कम मंडल्याकडचा गोंड, आणि मी वानखेडे, अमरावतीकडचा, आठवी नापास. तिघांनी गोविंदपुऱ्यातल्या कारखान्यात एकाच शेडमध्ये उमर काढली. बोलतात ते दोघं. मी ऐकतो.

गेल्या वर्षी मात्र मला बोलावं लागलं. कमल, माझी बायको, जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी मुलाला सांगितलं, की मला इथेच बाग सेवनियाला प्रमिलाबाईंकडे राहायला जायचंय. त्यांची आई नव्वदीची. तिला सोडून त्या इकडे येऊ शकत नाहीत, म्हणून मीच तिकडे जाणार.

विजय जेवता जेवता थांबला. म्हणाला, "या वयात घरजावई? बाबा, आपल्यात असं नसतं."

मी पोळी संपवली. मनात म्हटलं, आपल्यात म्हणजे नेमकं कुणात? माझी तर सगळी जिंदगी नेगी, मार्कम या लोकांत गेली.

*

नेगीच्या गावी जुन्या काळी भावाभावांची मिळून एकच बायको असायची. डोंगरात शेत एवढंसं, त्याचे तुकडे पाडले तर कुणाचंच पोट भरत नाही. आम्ही क्वार्टरमध्ये राहत होतो तेव्हा एकदा त्याचे दोन्ही बाप भोपाळ बघायला आले. ओट्यावर शेजारी शेजारी बसून मटार सोलायचे.

समोरच्या मिश्राबाईंना काही चैन पडेना. "भैया, इनमें पिताजी कौन से हैं?"

"दोनों. ये बड़े बाबा, ये छोटे बाबा."

"वो तो ठीक है. सगे कौन से?"

नेगी म्हणाला, "बचपन में मुझे निमोनिया हुआ था, भाभी. बर्फ में एक ने पीठ पे उठाया, दूसरा आगे लालटेन लेके चला. अब आप ही बता दो, सगा कौन सा."

मिश्राबाई आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात चहाचे दोन कप होते.

*

याच मिश्राबाईंना पुढे कळलं, की कमल माझ्या सख्ख्या मामाची मुलगी. आमच्या विदर्भात यात लपवण्यासारखं काही नाही. मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क, असंच म्हणतात. पण त्यांच्याकडे मामाची मुलगी म्हणजे बहीण. त्या दारातच थिजल्या.

"हे राम. बहन से शादी?"

कमल तांदूळ निवडत होती. मान वर न करता तिने विचारलं, "तुम्हारी सास पहले दिन कैसी थी, दीदी?"

"मत पूछो. तीन महीने रोई मैं."

"मेरी सास मेरी बुआ थी. बचपन में मेरी चोटी करती थी. शादी के दूसरे दिन भी उसी ने की."

मिश्राबाई दाराला टेकल्या. म्हणाल्या, "अगले जनम में मेरी भी बुआ के घर करवा देना."

*

मार्कमचं निराळंच. त्यांच्यात मुलाने मुलीच्या बापाला द्यायचं असतं, घ्यायचं नसतं. मार्कमकडे द्यायला काही नव्हतं, म्हणून लग्नाआधी तो तीन वर्षं सासऱ्याच्या घरी राबला. नांगर धरला, पाणी भरलं, गुरं वळली. अशा मुलाला तिकडे लमसेना म्हणतात.

शेडमध्ये एक सुपरवायझर नवीनच लग्न करून आला होता. सासऱ्याने दिलेल्या स्कूटरवरून यायचा. तो मार्कमला म्हणाला, "बीवी के लिए नौकरी करनी पड़ी तुमको? हमको तो ऊपर से गाड़ी मिली."

मार्कमने हातातला पाना खाली ठेवला नाही. "साब, मेरे ससुर ने तीन साल मुझे देखा, फिर बेटी दी. आपके ससुर ने तो पैसे देके विदा की. उनको इतनी जल्दी किस बात की थी?"

सुपरवायझर दुसऱ्या दिवसापासून बसने यायला लागला.

*

प्रमिलाबाईंची ओळख त्या बाकावरच झाली. मराठीच, शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेल्या. पावसाळ्याचे दिवस होते. तळ्यातल्या पानांवर एक लांब शेपटीचा कमळपक्षी अंड्यांवर बसला होता. पाऊस पडतोय, पण तो काही हलत नाही. फिरायला येणारे एक मोठे साहेब तिथे उभे राहून सगळ्यांना ऐकवत होते, "देखिए, इसको कहते हैं माँ. आजकल की औरतें इससे कुछ सीखें."

प्रमिलाबाई छत्रीखालून म्हणाल्या, "वो बाप है, भाईसाहब."

"और माँ?"

"माँ अंडे देके उधर दूसरे घर गई. वहाँ भी एक बैठा होगा. इनमें ऐसा ही होता है."

साहेब ताडताड निघून गेले. मी एरवी बायकांशी आपण होऊन बोलत नाही. त्या दिवशी मात्र विचारलं, "अंडी फुटल्यावर पिल्लं कोण बघतं?"

"तोच."

कमलच्या शेवटच्या आजारपणात विजयचा मुलगा तान्हा होता. सून नोकरीला जायची, मी दोन्ही खाटांच्या मधे बसून असायचो. हे मी प्रमिलाबाईंना सांगितलं. त्यांनी छत्री जरा माझ्याकडे सरकवली.

*

हे सगळं विजयला सांगून पाहिलं. त्याला काहीच पटलं नाही. "बाबा, ते डोंगरातले लोक, जंगलातले लोक. आणि पक्ष्यांचंच सांगायचं, तर सारस बघा. एकदा जोडी जमली की जमली. जोडीदार मेला तर दुसरा झुरून मरतो."

मी प्रमिलाबाईंना विचारून आलो. रात्री त्याला म्हटलं, "काही दिवस एकटा हिंडतो तो. मग बऱ्याचदा दुसरी जोडी जमवतो. झुरून मरतो ही आपली हौस आहे, सारसाची नाही."

"आईला काय वाटलं असतं?"

हा प्रश्न मला लागला. मी म्हटलं, "तिने मला विचारलं असतं, की तिकडे जेवायला वेळेवर मिळेल का." आणि दुसऱ्या दिवशी हत्यारांची पेटी आणि कपड्यांची पिशवी घेऊन बाग सेवनियाला गेलो. लग्न करायचं की नुसतं सोबत राहायचं, तेही अजून ठरलं नव्हतं.

*

प्रमिलाबाईंच्या आईला फारसं आठवत नाही, पण बोलणं ठणठणीत आहे. मला बघून तिने लेकीला विचारलं, "हा लग्न करून आणलास की तसाच?"

"तसाच, आई."

"बरं केलंस. आधी महिनाभर बघू." आणि मला म्हणाली, "मोरीचा नळ गळतोय."

नळ केला. मग पंखा केला, दाराची कडी केली. दुपारी तिची औषधं मी द्यायचो. मार्कम एकदा भेटायला आला, मला स्टुलावर चढलेलं बघून म्हणाला, "लमसेना." आणि खाली बसून पोट धरून हसला.

महिना भरत आला तेव्हा रविवारी दारात विजय उभा. गाडीची किल्ली हातातच होती. मला न्यायलाच आला होता, ते तोंडावरून दिसत होतं. माझ्या हाताला कणीक लागलेली. प्रमिलाबाई आतून बाहेर आल्या आणि तिथेच थांबल्या.

खाटेवरून म्हातारीने डोळे बारीक करून त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही मुलाकडचे का?"

विजयने माझ्याकडे बघितलं. मग किल्लीकडे.

"हो," तो म्हणाला. "मुलाकडचा."

"मग उभे का? बसा. आम्ही बघतोच आहोत, पण तुमच्याकडूनही कळायला हवं. मुलगा स्वभावाने कसा आहे?"

विजय खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला. किल्ली खिशात घातली.

"शांत आहे," तो म्हणाला. "पण कुणाचं ऐकत नाही."