जबडाकाकू

जबडाकाकू समोरच्याच्या डोळ्यांत कधी बघत नसत. त्या तोंडात बघत. आपण 'नमस्कार काकू' म्हणावं, तर त्यांची नजर आपल्या दातांवरून हिरड्यांवर आणि तिथून जिभेवर फिरून परत यायची, आणि मंडईतली भेंडी टोपलीत परत टाकताना बायका ज्या सुरात बोलतात त्या सुरात त्या म्हणायच्या, "हं. नमस्कार." बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत त्यांचं खरं नाव फक्त दारावरच्या पाटीवर होतं. समोर सगळे 'काकू' म्हणत आणि पाठ वळली की 'जबडाकाकू'. त्यांना ते ठाऊक होतं. "नावं ठेवायला तरी तोंड उघडतंय ना? उघडू दे," एवढंच त्यांचं त्यावर म्हणणं.

नारायण पेठेतल्या एका दातांच्या दवाखान्यात त्यांनी आयुष्यभर बाहेरच्या टेबलावर बसून पेशंटांना नंबर दिले होते. निवृत्त झाल्यावर परदेशी गेलेल्या मुलाच्या फ्लॅटमध्ये त्या एकट्या राहायला आल्या, आणि लोकांना कॅन्सर होऊ नये म्हणून त्यांच्या मागे लागणं हा उद्योग त्यांनी कुणीही न सांगता सुरू केला. एवढी तळमळ म्हणजे घरात कुणीतरी गेलं असणार, अशी आमच्या सोसायटीची खात्री होती. एका बाईंनी तर डोळ्यांत पाणी आणून विचारलंसुद्धा. काकू म्हणाल्या, "का हो? घरचं कुणी मेल्याशिवाय बोलायचं नाही असा नियम केलाय का तुमच्या सोसायटीनं?"

देशाचा बाजार खुला होऊन आठ-दहा वर्षं झाली होती, आणि जे काही खुलं झालं होतं ते सगळं पुडीत मिळत होतं. शांपू पुडीत, कॉफी पुडीत, गुटखा पुडीत. कोपऱ्यावरच्या टपरीला चकचकीत पुड्यांच्या अशा माळा लटकत, की आतला टपरीवाला दिसत नसे. आमच्यासारखी कंप्युटरवाली पोरं नव्या पगाराची, गळ्यात कंपनीचा बिल्ला अडकवून तिथे उभी. सकाळी गव्हांकुराचा रस पिणारे आणि संध्याकाळी सिगारेट ओढणारे महाभाग आमच्या इमारतीत ढिगाने होते. त्यांना काकू जिन्यात गाठायच्या. "सकाळी गाईचं खाणं आणि संध्याकाळी इंजिनाचा धूर. नक्की व्हायचंय काय तुम्हाला?" 'मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो' असं सांगणाऱ्यावर तर त्यांचा विशेष राग. "पूजेत ठेवतात म्हणून सुपारी पोटात जाताना हात जोडून जाते का?"

आमच्या सेक्रेटरींना वाटलं, हे शिक्षण जरा सभ्यपणे व्हावं. म्हणून त्यांनी सोसायटीच्या हॉलमध्ये एका डॉक्टरांचं व्याख्यान ठेवलं. डॉक्टर इंग्रजीत बोलले, पडद्यावर लाल-काळी चित्रं दाखवली, पुढच्या रांगेतल्या आजोबांनी झोप काढली. मग शाल-श्रीफळ झालं. आणि मग सेक्रेटरींनी, पाहुण्यांचा मान राखायचा म्हणून, चांदीच्या तबकातून मसाला सुपारी फिरवली. तोंडाच्या कॅन्सरचं व्याख्यान ऐकून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या गालात सुपारी होती. काकू दाराशी उभ्या राहून एकेकाचा गाल बघत होत्या. "छान झालं व्याख्यान," त्या सेक्रेटरींना म्हणाल्या, "पुढच्या वेळी धबधब्यावर पोहण्याचे धोके सांगा आणि तिथूनच ढकलून द्या."

त्यानंतर त्यांनी आपलीच पद्धत काढली. सोसायटीच्या स्नेहसंमेलनाला इडली-वडा असायचा, तो बंद करायला लावून त्यांनी पाणीपुरीचा गाडा बोलावला. आम्हांला वाटलं, चला, म्हातारीला एक तरी शौक आहे. काकू गाडेवाल्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसल्या आणि खाणाऱ्यांची तोंडं बघत राहिल्या. गुटखा आणि सुपारी खाऊन गाल आतून ताठ होतात, जबडा हळूहळू उघडेनासा होतो. वरण-भात खाताना ते कळत नाही. पाणीपुरी मात्र आख्खी तोंडात जावी लागते.

माझा मोठा भाऊ सुहासदादा प्लेट घेऊन बाजूला उभा राहिला आणि पुरी अंगठ्याने फोडून चमच्याने खायला लागला. दादा हिंजवडीला मोठ्या कंपनीत होता. अमेरिकेच्या वेळेवर काम करताना झोप येऊ नये म्हणून त्याने गुटख्याची पुडी धरली होती, आणि आमच्या घरात ते कुणाला माहीत नव्हतं. आमची समजूत अशी की, साहेब झाल्यापासून तो चमच्याने खातो.

"सुहास, पुरी आख्खी खातात," काकू म्हणाल्या.

"मला अशी आवडते."

"आवडत नाही. जात नाही. तीन बोटं उभी करून तोंडात घाल बघू. धड जबड्यात तीन जातात."

सगळी सोसायटी वळली. दादाने काहीतरी सिद्ध करायच्या हट्टाने बोटं तोंडात घालून पाहिली. दोन गेली. तिसरं ओठांपाशी अडलं. वहिनीच्या हातातली प्लेट तशीच राहिली. दादा प्लेट ठेवून घरी निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू आमच्या दारात. "चल, दवाखान्यात जायचंय." दादाचा पारा चढला. "अहो काकू, तुम्ही माझ्या कोण लागता?"

"कोणी नाही. म्हणून तर आले. जे लागतात त्यांना तुझं तोंड दिसलं नाही."

हे वाक्य आमच्या घराला झोंबलं, पण दादा चपला घालून निघाला. डॉक्टरांनी सांगितलं की कॅन्सर नाही, पण गालाची आतली कातडी पांढरी पडून आवळली आहे आणि हीच वाट पुढे तिकडे जाऊ शकते. पुडी आजपासून बंद, जबड्याचा व्यायाम रोज, आणि गेलेलं सगळं परत येईलच असं नाही. त्या दिवसापासून रोज सकाळी दादा कंपनीच्या बससाठी फाटकापाशी उभा राहिला की काकू आपल्या गॅलरीतून ओरडत, "बोटं!" इस्त्रीच्या शर्टातला, गळ्यात बिल्ला घातलेला माझा भाऊ भर रस्त्यात तोंडात बोटं घालून दाखवत असे. "अडीच," काकू म्हणायच्या. "केवढा हा पराक्रम." दादा बसमध्ये बसेपर्यंत त्यांना शिव्या घालायचा, पण पुडीला त्याने हात लावला नाही.

आणि मग काकूंनाच कॅन्सर झाला. पोटाचा.

आमच्या सोसायटीला वाईट वाटलं हे खरं, पण त्या वाईट वाटण्यात जी एक गुळचट खुशी होती ती मी विसरणार नाही. आयुष्यभर पथ्य पाळलं, चालल्या, भाज्या खाल्ल्या, पानाला शिवल्या नाहीत, आणि काय मिळालं? सेक्रेटरी हे जिन्यात भेटेल त्याला ऐकवत होते. टपरीवरची गर्दी तर एकदम तत्त्वज्ञानी झाली. नशिबात असेल ते होतं म्हणून पुडी फोडायची. त्याच आठवड्यात वहिनीला दादाच्या शर्टाच्या खिशात पुडी सापडली. तिने भांडण केलं नाही. ती सरळ काकूंकडे गेली.

काकूंनी दादाला बोलावलं, तेव्हा मीही बरोबर गेलो. त्या खुर्चीत उशी घेऊन बसल्या होत्या. डोक्यावरचे केस गेले होते, नजर तेवढी होती तिथेच होती, दादाच्या तोंडावर.

"फोडलीस?"

"नाही." मग दादा एकदम म्हणाला, "पण काय उपयोग काकू? तुम्ही सगळं पाळलंत, तरी झालाच ना?"

"मी धोका कमी करा म्हणत होते. अमरपट्टा वाटत नव्हते." त्यांना दम लागला, पण थांबल्या नाहीत. "हेल्मेट घालूनही माणूस मरतो, म्हणून सगळं पुणं उघड्या डोक्यानं हिंडतं. ती अक्कल तोंडात आणू नकोस. दे इकडे."

दादाने पुडी दिली. त्यांनी ती औषधांच्या कागदांबरोबर केराच्या डब्यात टाकली, आणि हात पुसून म्हणाल्या, "बोटं."

दादाने तीन बोटं घातली. डोळ्यांत पाणी आलं इतका ताण देऊन घातली. काकूंनी मान पुढे काढून बराच वेळ बघितलं.

"तिसरं वाकडं आहे," त्या म्हणाल्या. "चालेल."

त्यांच्या तोंडून 'चालेल' हा शब्द मी त्याआधी कुणासाठीही ऐकला नव्हता.

काकू गेल्या त्यानंतर हॉलमध्ये शोकसभा झाली. दिवंगतांबद्दल बरंच बोलायचं असतं, म्हणून सगळे बरंच बोलले. त्यांना कधी धड नमस्कार न केलेले लोक त्यांना मातेसमान म्हणाले. शेवटी सेक्रेटरी उसासा टाकून म्हणाले, "एवढं सांभाळून राहिल्या, पण व्हायचं ते झालंच." लोकांनी माना हलवल्या. सेक्रेटरींनी खिडकीतलं चांदीचं तबक उचललं आणि सवयीने पहिल्या रांगेपासून सुपारी फिरवायला सुरुवात केली.

दादा चार माणसांत कधी बोलणारा नाही. तबक त्याच्यासमोर आलं तेव्हा तो उभा राहिला. आम्हांला वाटलं, आता काकूंबद्दल दोन शब्द बोलेल. त्याने सगळ्या हॉलकडे तोंड केलं, उजव्या हाताची तीन बोटं उभी धरली आणि तोंडात घातली. तिन्ही सरळ गेली. कुणी हसलं नाही. सेक्रेटरी तबक धरून त्याच्या तोंडाकडे बघत राहिले, आणि मग त्यांनी ते हळूच आपल्या खुर्चीखाली ठेवलं.