पाच मावश्यांची एक मावशी

नव्या कॉम्प्युटरने विचारलं, 'एकसारखी नावं एकत्र करू का?' आणि मी धड न वाचता 'हो' दाबलं.

माझ्या मोबाईलमध्ये पाच मावश्या होत्या. मासळीवाली, टेम्पोवाल्याची आई, हळदीला धवले म्हणजे लग्नाची गाणी गाणारी, बायकोची थोरली बहीण आणि तांदळाच्या भाकऱ्या करून देणारी. सगळ्या नुसत्या 'मावशी'. वरून तिसरी म्हणजे धवलेवाली, एवढं मला पाठ होतं. त्या दगडाने पाचही जणींची एकच मावशी केली, तिच्या पोटात पाच नंबर उलटसुलट कोंबले आणि ती मोबाईलमध्येही धाडून दिली. याला म्हणे सिंक म्हणतात. आमच्याकडे याला घरात घुसून भांडी हलवणं म्हणतात.

पोरीची हळद दोन दिवसांवर होती. तिचा हट्ट एकच: डीजे वाजो न वाजो, धवले त्याच मावशीचे हवेत. आणि मावशीने बजावलं होतं, "सांजच्यापावतर पक्का सांग. न्हाय तं मी दिघाशी गावची हळद घेते."

म्हणून पाचांतला पहिला नंबर लावला. "मावशी, हळदीला यायचंय. गळा जरा साफ करून या."

"माझ्या गल्याला काय झालाय, भावोजी?" मेहुणी! आमंत्रणाला उशीर झाला म्हणून आधीच फुगलेली. तिने माझ्या सात पिढ्यांचा गळा साफ केला. दुसरा नंबर मासळीवालीचा. "कोलंबी संपली," म्हणाली आणि फोन आपटला.

शहाण्या माणसाने तिसरा नंबर लावला असता. माझं डोकं भडकलेलं. म्हटलं, ही घाण कॉम्प्युटरवरूनच पुसतो, म्हणजे मोबाईलमध्ये जुन्या मावश्या जाग्यावर येतील. पुसली. मोबाईलमधूनही गेली! कॉल लॉगमध्ये नुसते आकडे, आणि लग्नघराच्या फोनवर आकड्यांना काय तोटा?

कॉम्प्युटर विकणाऱ्या दुकानदाराला फोन लावून ओरडलो, "तुझा कॉम्प्युटर बिघडलाय!"

"सेठ, सिंक तो बराबर चालू है," तो थंडपणे म्हणाला. "आपने उधर डिलीट किया, इधर भी डिलीट हो गया. यही तो उसका काम है."

चूक माझी निघाली की मला जास्त राग येतो. मी कॉम्प्युटरची वायर उपटली. "अब वायर लगाओ," तो म्हणाला. त्याला ते कसं कळलं, देव जाणे.

बायको दारात उभी. "अंजूरला धवलेवाल्या मावशीच्या घरी जाऊन या ना सरळ!"

"या ट्रॅफिकमध्ये? नाक्यावर पोचेन तोवर ती दिघाशीला नाचत असेल!"

"ती गाते, नाचत नाही. नाचताय तुम्ही."

शेवटी वायर लावली आणि दुकानदाराने फोनवरून माझं बोट धरून चालवलं. अकाउंट उघडा, कॉन्टॅक्टमध्ये जा, सेटिंगमध्ये 'बदल मागे घ्या' आहे, सकाळची वेळ निवडा. मी प्रत्येक बटणाला एक शिवी हासडत दाबत गेलो. सिंकचं चक्र गरागरा फिरलं आणि पाचही मावश्या रांगेत येऊन उभ्या राहिल्या. मी वरून तिसरी दाबली.

"मावशी, पक्कं! या तुम्ही!"

"दिघाशीवाला आताच बसलाय माझ्या ओटीवर," ती म्हणाली. "बरा झाला फोन केलास. त्याला न्हाय सांगते."

मला एवढं हायसं वाटलं की भलताच शहाणपणा सुचला. "मावशी, आता गोंधळ नको. तुमचं नाव सांगा, नावानिशी सेव्ह करून ठेवतो."

मग ती म्हणाली, "तुझ्या हळदीला धवले मीच गायले. तुझ्या भावाच्या, बहिनीच्या मीच गायले. आन् माझा नाव तुला म्हायती न्हाय? येते मी. पन पोरीसाठी येते रं. तुझ्यासारख्या ठोंब्यासाठी न्हाय."