सिरिंजमधला फुगा

बातमी आली तेव्हा मी पाण्याखाली होते. नागपूरहून फिरायला आलेल्या एका जोडप्याला खडकाजवळचे मासे दाखवून वर आले, होडीत बसले, पाठीवरचा सिलिंडर उतरवला आणि कोरड्या पिशवीतला मोबाईल काढला, तर पुलगावहून काकूंचे, म्हणजे माझ्या शाळेतल्या सरांच्या बायकोचे, बरेच कॉल येऊन गेलेले. काकू स्वतःहून कधी फोन करत नसत. सर बोलत असले की मागून बोलायच्या, तेवढेच. त्यामुळे फोन लावण्याआधीच मला समजले होते. तरी लावला. "प्रणाली, तुहे सर गेले वं..." काकू म्हणाल्या, "चहा घेतला, कप खाली ठेवला, अन् बसल्या बसल्या गेले." होडी चालवणाऱ्या काकांनी माझ्याकडे पाहून इंजिन बंद केले आणि त्या जोडप्याला हळू आवाजात म्हणाले, थोडे थांबू या.

ताकसांडे सर आमच्या वडनेरच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्तीनंतर ते पुलगावला राहू लागले. मी आज कोकणच्या किनाऱ्यावर डायव्हिंग शिकवते, आणि भेटणारा प्रत्येक माणूस विचारतो की वर्ध्याकडची मुलगी समुद्रात कशी आली. मी हसून काहीतरी उत्तर देते. खरे उत्तर लांब आहे, आणि ते सरांशिवाय सांगता येत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेले नव्हते. बाबा हिंगणघाटला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. त्यांनी मला लहानपणी पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकवले होते, तेवढीच माझी पाण्याशी ओळख. बी.एस्सी. झाले, आणि मैत्रिणीच्या ओळखीने कोकणातल्या एका डायव्हिंग सेंटरमध्ये बुकिंगच्या काउंटरवर नोकरी लागली. मी पाण्याला भीत नाही हे मालकांनी पाहिले आणि एक दिवस म्हणाले, कोर्स कर, पास झालीस तर काउंटर सोडून होडीवर ये. पण कोर्सचा पहिला भाग म्हणजे थिअरी. ती सगळी मोबाईलवर, इंग्रजीत. हवेचा दाब, फुप्फुसे, रक्तात विरघळणारा नायट्रोजन... मी वाक्ये वाचायची, शब्दांचे अर्थ शोधायची, आणि शेवटी हातात काहीच उरायचे नाही. सरावाच्या परीक्षेत नापास झाले, पुन्हा दिली, पुन्हा नापास. मालक म्हणाले, पावसाळाभर सेंटर बंद आहे, तेवढ्यात जमव, नाहीतर आपले काउंटर बरे. काउंटर वाईट नव्हते. पण मला पाण्यात जायचे होते, आणि एवढे हवेहवेसे मला त्याआधी काही वाटले नव्हते.

सरांना फोन केला तो असाच, रडवेल्या आवाजात. "जय भीम सर, मी प्रणाली, वडनेरची." पलीकडून लगेच, "अवं, जय भीम! तू तं समुद्रावर गेली म्हने. मासोया धरते काय तिकडं?" मी सगळे सांगितले. सरांनी समुद्र कधी पाहिला नव्हता, डायव्हिंग हा शब्दही टीव्हीवर ऐकलेला. त्यांनी एवढेच विचारले, "पुस्तक कोनत्या भाषेत हाय?" आणि मग, "पानं पाठव मले. मी आधी शिकतो, मंग तुले शिकवतो."

मी पानांचे फोटो पाठवत गेले. काही दिवस सरांकडून फक्त प्रश्न यायचे. तुमच्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असतो की साधी हवा? वर यायला घाई काऊन नाई करायची? मला येत नसले की मी सेंटरमधल्या मुलांना विचारून कळवायची. आणि एका दुपारी व्हिडिओ कॉल आला. फोन काकूंच्या हातात होता, कारण सरांचे हात थरथरायचे. पहिलेच वाक्य, "तोंड नोको दाखवू. हात दाखव." मला कळेना. सर म्हणाले, "पस्तीस वर्षं पोट्टे माह्यासमोर मान हालवत बसले. मान हालवनं सोपं असते. माह्या हातात जे हाय ते तुह्या हातात पाह्यजे, मंगच मी बोलन." त्या दिवशी हातात सोड्याची बाटली हवी होती. मला पावसात छत्री घेऊन दुकानात जावे लागले. काकू मागून म्हणाल्या, "घरी नळाले पानी नाई चार दिवसांपासून, अन् हे समुद्र शिकवून राह्यले!" सर म्हणाले, "तू फोन सरळ धर."

ती बाटली आम्ही दोघांनी एकाच वेळी उघडली. सरांनी हळूहळू, झाकण थोडे थोडे सैल करत. मला मात्र हलवून झटक्यात उघडायला सांगितले. माझ्या अंगावर, भिंतीवर, मोबाईलवर फेस. "हे झालं तुहं रक्त, घाईनं वर आली तं," सर म्हणाले. "अन् हे माह्यं. आता सांग, घाई काऊन नाई करायची?" महिनाभर जे वाक्य मी इंग्रजीत पाठ करत होते ते त्या फेसाने पुसून टाकले आणि त्या जागी दुसरे काहीतरी बसले, जे आजवर निघाले नाही.

मग पुलगावहून पोस्टाने पार्सल आले. आत गुरांच्या डॉक्टरकडे असते तसली मोठी, बिनसुईची सिरिंज, आणि तिच्या नळीत बोराएवढा एक फुगा. फुगा सर फुगवायचे, त्याला गाठ काकू मारायच्या. सिरिंजचे तोंड बोटाने दाबून धरायचे आणि दट्ट्या मागे ओढायचा. "ओढ. तू वर येऊन राह्यली. पान्याचा दाब कमी झाला. पाह्य फुगा." फुगा नळीत टरारून मोठा होत गेला. मग सरांनी तसलाच पण गाठ नसलेला फुगा दाखवला. दट्ट्या कितीही ओढला तरी तो होता तसाच पडून राहिला, कारण त्यातली हवा बाहेर निघत होती. "पान्यात श्वास धरला म्हंजे गाठ मारली," सर म्हणाले. "वर येतानी गाठ नाई मारायची. कितीबी भेव वाटू दे. बस, एवढंच शीक. बाकीचं विसरली तरी चालन."

मी पास झाले. मालकांनी अभिनंदन केले, पण हसत म्हणाले, "समुद्र बघूक नाय तो मास्तर डायविंग काय शिकवतलो? घोकून पास झालंस तू." मला राग आला, आणि थोडी शंकाही आली. मोबाईलवर, खोलीत बसून शिकलेले पाण्यात टिकेल का, हे मलाही ठाऊक नव्हते.

ते हंगाम सुरू झाल्यावर कळले. आम्ही शिकाऊ मुले एका रांगेत खाली चाललो होतो. माझ्या पुढच्या मुलाने जोरात पाय मारला, त्याच्या पायातली रबरी फिन माझ्या मास्कला लागली आणि मास्क सरकून पाण्याने भरला. नाकात खारे पाणी, डोळ्यांपुढे नुसता हिरवा धूर. तोंडातून हवा येत होती, श्वास घेता येत होता, पण अंगाला ते पटत नव्हते. छाती भरून मी श्वास धरला आणि पाय आपोआप वर झेपावले... आणि तेवढ्यात मला तो फुगा दिसला. खरेच दिसला, नळीत टरारलेला, गाठ मारलेला. मी तोंडातून हवा सोडली. बुडबुडे गालावरून वर गेले. पुन्हा घेतली, पुन्हा सोडली. शिक्षकाचा हात दंडावर आला तोवर मी थांबले होते. मास्क नाकाने फुंकून रिकामा केला आणि सगळ्यांबरोबर हळू वर आले. होडीत मालकांनी माझा सिलिंडर स्वतः उतरवून घेतला. मग म्हणाले, "तुझ्या मास्तराक विचार, पावसाळ्यात आमच्या पोरांकय शिकवतलो काय?"

अशी ती शिकवणी वाढली, आणि सरांची सिरिंज-फुग्याची पार्सले दर पावसाळ्यात सगळ्या मुलांना येऊ लागली. पावसाळ्यात सेंटर बंद झाले की मुले आपापल्या गावी जातात, आणि दुपारी सगळ्यांच्या मोबाईलवर नुसते हात दिसू लागले. याआधी ही मुले एकमेकांना उत्तरे पाठवून परीक्षा द्यायची. सरांपुढे ते चालेना, कारण उत्तर पाठवता येते, हातातली सिरिंज पाठवता येत नाही. कुणाचा दट्ट्या हलला नाही की सर नावाने विचारायचे, "काऊन रे, झोपला काय?" मालवणी मुले त्यांच्या बोलण्याला हसायची आणि सर त्यांच्या.

एका हिवाळ्यात सर आणि काकू आमच्याकडे आले. सरांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि समुद्राकडे पाहत कितीतरी वेळ उभे राहिले. मग हट्ट धरला. कमरेएवढ्या पाण्यात मी त्यांना मास्क लावला, हवेची नळी तोंडात दिली, हात धरून त्यांचे डोके पाण्याखाली घेतले. ते लगेच वर आले. मला वाटले घाबरले. घाबरलेच होते. "पोरी, हे तं पुस्तकात नाई," ते म्हणाले. "सोताचाच श्वास इतला मोठा ऐकू येते... जसा बाजूले कोनी दुसराच घेऊन राह्यला." काठावरून काकू ओरडल्या, "या आता भाईर! शिकवनं सोपं होतं नं?" सर मनापासून हसले. त्यानंतर प्रत्येक शिकवणीच्या शेवटी ते मुलांना न चुकता सांगायचे, "माह्यं काम इथवर. भेव मले मोबाईलवर नाई शिकवता येत. ते आता पानी शिकवन." ऑनलाइन थिअरी शिकवता येते का, असे मला लोक विचारतात. सरांचे हे वाक्य मी सांगते. माझ्याकडे यापेक्षा चांगले उत्तर नाही.

सर गेले ते हंगाम संपता संपता. या पावसाळ्याची पार्सले त्यांनी आधीच पाठवून ठेवली होती. परवा मी पहिली शिकवणी घेतली. हात दाखवा म्हटले, तसे एकेक हात दिसू लागले, आणि त्यात सरांच्या नावाचा एक चौकोन उघडला. त्यात हिरव्या बांगड्या उतरवलेले, ओळखीचे दोन हात होते, आणि हातांत सिरिंज. देवगडकडचा एक नवा मुलगा म्हणाला, "मॅडम, माझा फुगा सुकलाय. नवीन घालू?"

माझाही सुकला होता. सगळ्यांचेच सुकले होते, मनुक्यासारखे. इतक्या दिवसांत फुग्यातली हवा झिरपून जाते.

"नोको रे बाप्पा," काकू म्हणाल्या. "तो यायनं फुगवेल हाय. तोंडावर बोट ठेव अन् वढून पाह्य."

आम्ही सगळ्यांनी बोटे दाबली आणि दट्टे मागे ओढले. माझ्या नळीतल्या फुग्याच्या सुरकुत्या हळूहळू गेल्या. तो थोडा हलला, गोल झाला, बोराएवढा झाला. आत सरांची थोडी हवा उरली होती.

बराच वेळ कुणीही दट्ट्या सोडला नाही.