ओदिलचं नाक

माझ्या नवऱ्याचं नाक आमच्या गावात प्रसिद्ध होतं. दिसायला काही खास नाही, लांबुळकं आणि टोकाला लाल. पण लग्नाआधी पहिल्यांदा आमच्या घरी आला तेव्हा दारातच थांबून माझ्या बाबांना म्हणाला, "तुमच्या त्या फळीमागे उंदीर मेलाय." बाबा असे भडकले की काय सांगू! जेवण तसंच धुसफुसत उरकलं. नंतर फळी काढली तर खरंच उंदीर. बाबांनी तिथल्या तिथे लग्नाला होकार देऊन टाकला. मला कुणी विचारलंच नाही.

ओदिल जन्मभर ब्रशच्या कारखान्यात राबला. घोड्याचे केस, डुकराचे केस, दिवसभर तेच. सुटला की घरी यायचा, हातपाय धुवायचा आणि थेट मागच्या शेडमध्ये जायचा, त्याच्या पिंपाकडे. बेल्जियममधल्या आमच्या पश्चिम फ्लँडर्समध्ये घरी बिअर करणारे रग्गड आहेत, पण आमच्या गावच्या मंडळींना वेड आंबट, तांबड्या बिअरचं. ओकच्या पिंपात ती वर्षभर, कधी त्याहून जास्त मुरवायची, तेव्हा कुठे रंगाला येते. ओदिलने त्यापायी काय काय उद्योग केले! पोर्तुगालहून आलेलं वाइनचं रिकामं पिंप आणलं. ओकच्या फळ्या ओव्हनमध्ये काळ्या होईपर्यंत भाजल्या आणि बिअरमध्ये सोडल्या, घरभर धूर. एकदा तर माझ्या आईच्या पलंगाचा पाय कापला. "अगं, शंभर वर्षांचा ओक आहे, असा कुठे मिळणार?" बिअरला वार्निशचा वास आला आणि पलंगाखाली मी विटा लावल्या. आठवडाभर अबोला धरला होता मी.

पण एखादी बिअर जमून आली की त्याला बघावं. ग्लास खिडकीशी धरायचा, डोळे मिटून हुंगायचा आणि सुरू व्हायचा, "आधी चेरी येते बघ, मग ओलं लाकूड, मग अगदी शेवटी व्हॅनिला. हुंग ना!" मी बिअरला तोंड लावत नाही. मला त्यात पायमोज्यांचा वास यायचा. तरी मी हुंगायची, कारण त्या वेळी तो फार आनंदात असायचा आणि मला तो तसा आवडायचा.

या जानेवारीत त्याला तापाने धरलं. ताप गेला, पण वास येणं बंद झालं ते परतलं नाही. मला कळलं ते दुधामुळे. मी शेजारी गेले होते, गॅसवर दूध करपून कोळसा झालं, स्वयंपाकघर धुराने भरलं, आणि हा पलीकडच्या खोलीत पाठमोरा बसून पेपर वाचतोय. मी ओरडले तर म्हणतो, "काय झालं?" डॉक्टर म्हणाली, येईल, कदाचित नाहीही येणार. गाडीत बसल्यावर ओदिलने पहिलं वाक्य काय बोलावं? "कामिलला कळता कामा नये."

कामिल म्हणजे त्याचा बालमित्र. त्याच्या कोठारात आमच्या गावातल्या बिअरवाल्यांच्या मंडळाचं मोठं पिंप उभं आहे, माणसापेक्षा उंच. कामिलच्या वडिलांच्या वेळेपासून ते कधी पूर्ण रिकामं केलेलं नाही. दर ऑक्टोबरात अर्धी बिअर काढून वाटून घ्यायची आणि जेवढी काढली तेवढी प्रत्येकाने आपल्या घरच्या पिंपातून आणून भरायची. म्हणजे तळाशी त्या म्हाताऱ्यांच्या हातची बिअर अजून आहे, जे कधीच मातीत गेले. एक नासकं पिंप त्यात गेलं की सगळं बाद. म्हणून आत काय जाणार ते एकच माणूस हुंगून ठरवतो, आणि गेली कित्येक वर्षं तो माणूस ओदिल होता.

"यंदा नाही म्हण ना," ऑक्टोबर जवळ आला तसं मी म्हटलं. "पाठ दुखते म्हण, काही म्हण."

"आणि पुढच्या वर्षी? मग काय, कोपऱ्यात बसून चीज कापू सगळ्यांसाठी?" भयंकर चिडला. मग हळूच म्हणाला, "तू चल बरोबर. तू हुंग."

ठरलं असं. ग्लास आधी माझ्या नाकाखालून न्यायचा. ठीक वाटलं तर मी गप्प राहायचं. काही वाईट आलं तर मागून त्याचा कोट ओढायचा. देवाशपथ, मला रात्रभर झोप नाही. बिअरमधलं मला ओ की ठो कळत नाही आणि एवढ्या लोकांची वर्षाची मेहनत माझ्या हातात!

कोठारात शिरलो तर कामिल तयारच होता. "काय नाकशेठ, आज बायकोला घेऊन? आणि आलिडा, तुला तर बिअर चालत नाही ना?"

"तुझं थोबाडही चालत नाही मला, तरी येतेच की," मी म्हटलं. सगळे हसले. मी ओदिलच्या मागे जाऊन उभी राहिले.

पहिली पिंपं सुरळीत गेली. ओदिल ग्लास फिरवायचा, डोळे मिटायचा, सगळं अगदी नेहमीसारखं. मग टिनेकेचं पिंप आलं. टिनेके आमच्या बेकरीवालीची मुलगी, तिचं हे पहिलंच. बिचारी नखं खात उभी होती. मी हुंगलं तर घोड्यांच्या तबेल्याचा वास! आता तबेला चांगला की वाईट? ओदिल कधीतरी म्हणाला होता की तबेल्याचा वास असला तर नशीब उघडलं. की नसला तर म्हणाला होता? मी कोटाला हात लावला आणि सोडून दिला. ओदिल वाट बघत राहिला.

"जाऊ दे आत," तो शेवटी म्हणाला. टिनेकेने "ओदिलकाका!" करत त्याला मिठीच मारली. पण कामिल त्याच्याकडे रोखून बघत होता.

"एवढंच? दरवर्षी तर तू पाऊण तास कीर्तन लावतोस. चेरी, चामडं, अमकं, तमकं."

"घसा बसलाय," ओदिल म्हणाला.

हुंगणाऱ्याचं स्वतःचं पिंप शेवटी येतं. ते दुसरं कुणी तपासत नाही, तसा मान आहे त्याचा. तो आपला ग्लास भरतो, हुंगल्यासारखं करतो, सगळे टाळ्या वाजवतात आणि पंप चालू. मला वाटलं, सुटलो बाई एकदाचे. ओदिलने ग्लास माझ्या नाकाखालून नेला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नेलपॉलिश काढायचं औषध असतं ना, तसला भपकारा, आणि त्याखाली व्हिनेगर.

मी कोट ओढला. तो हलला नाही. परत ओढला, शिवण उसवल्याचा आवाज आला. त्याने वळून माझ्याकडे बघितलं. त्याला समजलं होतं, मला शंकाच नाही. तरी तो हसला आणि कामिलला म्हणाला, "जाऊ दे आत."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कामिलने नळी मोठ्या पिंपात सोडली आणि हात पंपाच्या बटणाकडे नेला. मला वाटलं होतं ओदिल थांबवेल. शेवटच्या क्षणी तरी थांबवेल.

"थांब!" मी किंचाळले. "नाही जाणार ते आत!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ओदिलचं तोंड पांढरं पडलं. "आलिडा, तुला बिअरमधलं काय कळतं?"

पस्तीस वर्षांच्या संसारात चारचौघांत असं तो मला कधी बोलला नव्हता. माझे कान तापले. "बिअरमधलं मला काही कळत नाही," मी म्हटलं. "नेलपॉलिशचं कळतं. आणि तुला आता तेही कळत नाही, ओदिल. जानेवारीपासून तुला कशाचाच वास येत नाही!"

बोलून गेले. आता परत घेता येत नव्हतं. कामिलने ओदिलच्या हातातून ग्लास घेतला, नाकाशी नेला आणि झटकन बाजूला केला. मला वाटलं आता हा टोमणा मारणार, आणि मारलाच तर मी तो ग्लास त्याच्या डोक्यावर ओतणार होते. पण नाही. त्याने नळी मोठ्या पिंपातून ओढून काढली आणि जमिनीवर टाकली.

ओदिल आपल्या पिंपाशी गेला. गुडघ्यांवर बसला, खालचं बूच हातोडीने ठोकून काढलं आणि सगळी बिअर गटारीकडे सोडून दिली. असा उग्र दर्प सुटला की टिनेके खोकत खोकत बाहेर पळाली, तिच्यामागे बाकीचे. मीही अंगणात गेले. मागे वळून बघते तर तो एकटाच आत, पायांशी बिअर वाहतेय आणि हा तिथे शांत उभा, जसं काही झालंच नाही. मला ते बघवेना. नाकातोंडाला स्कार्फ लावून मी परत आत गेले.

"येतोय वास?" त्याने विचारलं.

"येतोय."

"खूप?"

"खूप. बाहेर चल ना रे."

"मला वाटलं तू चुकलीस," तो म्हणाला. "माझं पिंप नासेल असं वाटलंच नाही मला."

तेवढ्यात कामिल दारात आला, नाकावर रुमाल धरून. "ओदिल, तू हे उन्हाळ्यात उघडलंस? बिअरवर साय धरते, ती मोडली की हवा शिरते आणि व्हिनेगर होतं, उन्हाळ्यात पिंपाला हातसुद्धा लावायचा नाही, हे पोरासोरांना तूच शिकवतोस ना रे? मग तूच कसा काय उघडलंस?"

"रोज उघडायचो," ओदिल म्हणाला.

"रोज?"

"सकाळी उठलो की. बूच काढायचं आणि नाक लावायचं. दुसरा कसलाही वास नाही आला तरी हा येईल असं वाटायचं."

मी त्याचा हात धरला आणि रडायला लागले. सगळा उन्हाळाभर पहाटे तो उठून जायचा ते मला ऐकू यायचं. मला वाटायचं म्हातारपण आलं, लघवीला जात असेल.